धर्माचा अभ्यास, विद्यापीठ आणि क्रेडिट: पुण्यात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी ॲडमिशन सुरू झाल्या की तेच तेच प्रश्न येतात, कोणाला पालीत एमए करायचंय, कोणाच्या मुलीला इंडियन नॉलेज सिस्टिमचा पेपर गळ्यात पडलाय, कोणी आळंदीला चार वर्षं काढून आलाय आणि आता बीए करतोय. मी कॉलेजात शिकवलंय आणि अभ्यासमंडळाच्या मीटिंगांना बसलेय, त्यामुळे सगळं एकदाच लिहून टाकते.

सरकारी विद्यापीठात धर्माच्या विषयाला क्रेडिट? घटनेत बंदी आहे ना?

बंदी आहे, पण कशावर ते नीट बघा. कलम २८ सांगतं की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही, म्हणजे पूजा कशी करायची, नमाज कसा पढायचा, कोणाला मानायचं हे तिथे शिकवता येत नाही. धर्माचा इतिहास, ग्रंथ, तत्त्वज्ञान, समाजावरचा परिणाम हे अभ्यासायला आडकाठी नाही. १९७१ मध्ये डीएव्ही कॉलेज विरुद्ध पंजाब या केसमध्ये हाच वाद होता, अमृतसरच्या गुरु नानक विद्यापीठाच्या कायद्यात गुरु नानकांचं जीवन आणि शिकवण यांच्या अभ्यास-संशोधनाची तरतूद होती, त्यावर आक्षेप घेतला गेला, आणि सुप्रीम कोर्टाने म्हटलं की हे अकॅडमिक काम आहे, धार्मिक शिक्षण नव्हे. २००२ च्या अरुणा रॉय केसमध्ये शाळेच्या अभ्यासक्रमाबद्दल पुन्हा तोच सूर लागला. त्याच्याही आधी कोठारी आयोगाने (१९६४-६६) एखाद्या धर्माची शिकवण देणं वेगळं आणि सगळ्या धर्मांबद्दल शिकवणं वेगळं, असा फरक करून ठेवला होता.

कागदावर फरक सोपा आहे. वर्गात तो रोज सांभाळावा लागतो, आणि तिथेच खरी गंमत असते.

हे सगळं एनईपीमुळे (राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे) आलेलं नवीन खूळ आहे का हो?

अजिबात नाही, निदान पुण्यात तरी नाही. पेशवे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटायचे, परीक्षा घेऊन. राज्य गेल्यावर इंग्रजांसमोर प्रश्न पडला की हा पैसा चालू ठेवायचा का बंद करायचा, तर एल्फिन्स्टनच्या काळात त्यातला काही भाग वळवून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात हिंदू कॉलेज काढलं, तेच पुढे डेक्कन कॉलेज झालं. नंतर लोकहितवादी आणि सुधारक मंडळींनी मागणी केली की दक्षिणेचा पैसा संस्कृत पंडितांपुरता न ठेवता मराठी ग्रंथांना द्या, त्यावरून शहरात चांगलीच खडाजंगी झाली, आणि शेवटी मराठी ग्रंथांना बक्षिसं देणारी दक्षिणा प्राइझ कमिटी आली. म्हणजे सरकारी पैशातून कोणती विद्या, कोणासाठी आणि ठरवणार कोण हे भांडण पुण्यात दोनशे वर्षं जुनं आहे. आता फक्त त्याला क्रेडिट म्हणतात.

क्रेडिट म्हणजे नक्की किती अभ्यास?

थिअरीचं १ क्रेडिट म्हणजे सेमिस्टरमध्ये साधारण १५ तास वर्गातले, प्रॅक्टिकल असेल तर ३० तास. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात घरचा अभ्यास वगैरे धरून एका क्रेडिटला ३० तास मोजलेत, आणि वर्षाला ४० क्रेडिट म्हणजे १२०० तास. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, हिशोबाने तीन वर्षांच्या डिग्रीला किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १६० लागतात, महाराष्ट्राने मात्र सेमिस्टरला २२ धरून १३२ आणि १७६ ठेवलेत, त्यामुळे इंटरनेटवर दुसऱ्या राज्यातल्या मुलांचे हिशोब वाचून घाबरू नका.

हे तासांचं गणित सगळ्यांत आधी सांगायचं कारण म्हणजे पुढची निम्मी उत्तरं यातच आहेत. क्रेडिट तुमच्या श्रद्धेला मिळत नाही, पाठांतराला मिळत नाही, गुरूंच्या मोठेपणाला तर नाहीच नाही. ठराविक तास, ठरलेला सिलॅबस, ठरलेली परीक्षा, आणि हे सगळं योग्य मंडळाने मंजूर केलेलं, एवढं असलं की मिळतं.

मग हे मंजूर कोण करतं? कुलगुरूंच्या मनात आलं की झालं?

नाही. लोकांना वाटतं कुलगुरू म्हणजे सगळं, किंवा राज्यपाल कुलपती आहेत म्हणजे वरून फोन आला की कोर्स सुरू. महाराष्ट्रातली सरकारी विद्यापीठं २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने चालतात, तो १ मार्च २०१७ पासून लागू झाला, आणि त्यात उतरंड ठरलेली आहे.

सगळ्यात खाली, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, अभ्यासमंडळ, ज्याला सगळे बीओएस म्हणतात. विषयाचे शिक्षक, विभागप्रमुख, बाहेरचे तज्ज्ञ असे लोक बसतात आणि युनिट एकमध्ये काय, युनिट दोनमध्ये काय, कोणती पुस्तकं, किती तास, इंटर्नल किती आणि एक्स्टर्नल किती हे ठरवतात. तिथून ते विद्याशाखेकडे जातं. आता चारच विद्याशाखा आहेत: विज्ञान आणि तंत्रज्ञान, वाणिज्य आणि व्यवस्थापन, मानव्यविज्ञान, आणि आंतरविद्याशाखीय. धर्माशी संबंधित विषय बहुतेक वेळा मानव्यविज्ञानात पडतात. मग विद्यापरिषद, म्हणजे अकॅडमिक कौन्सिल, तिच्या शिक्क्याशिवाय कोर्सला अर्थ नाही. पैशाचा, जागेचा, पदांचा प्रश्न आला की व्यवस्थापन परिषद. आणि अधिसभा, म्हणजे सिनेट, तिथे बजेट येतं, प्रश्न विचारले जातात, पेपरमध्ये बातम्या येतात, पण सिलॅबस सिनेट लिहीत नाही. हे मुद्दाम सांगते कारण दरवेळी सिलॅबसवरून वाद झाला की लोक सिनेट सदस्यांना फोन करत सुटतात.

अभ्यासमंडळाची मीटिंग बाहेरून वाटते तेवढी विद्वत्तापूर्ण नसते, बऱ्याचदा दोन तास या पुस्तकाची आवृत्ती बाजारात मिळते का यावरच जातात. पण एखाद्या पेपरचं नाव 'भक्तिपरंपरा' ठेवायचं की 'महाराष्ट्रातील भक्तिसंप्रदायांचा इतिहास' ठेवायचं यावर जी चर्चा होते ना, त्यात त्या पेपरचं पुढचं सगळं आयुष्य ठरतं, कारण एका नावात कीर्तनकाराला बोलवावंसं वाटतं आणि दुसऱ्यात महानुभाव, नाथ, सूफी, लिंगायत सगळ्यांना जागा करावी लागते.

कॉलेज ऑटोनॉमस असेल तर त्यांचं स्वतःचं अभ्यासमंडळ आणि अकॅडमिक कौन्सिल असतं, डिग्री मात्र विद्यापीठाची. अभिमत (डीम्ड) विद्यापीठ असेल तर सगळा कारभार वेगळा, तिथे २०१६ चा कायदा चालत नाही, यूजीसीचे नियम चालतात.

आयकेएस (इंडियन नॉलेज सिस्टिम) म्हणजे धर्माचाच पेपर ना, नाव बदलून?

सिलॅबस उघडून बघा, मग बोलू. भारतीय ज्ञानप्रणालीत गणित, खगोल, आयुर्वेद, स्थापत्य, धातुकाम, शेती, नाट्यशास्त्र, व्याकरण असं बरंच काही येऊ शकतं. यूजीसीच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे की एकूण क्रेडिटच्या निदान ५ टक्के आयकेएसमधले घ्यायला विद्यार्थ्याला प्रोत्साहन द्यावं आणि त्यातले निम्मे तरी त्याच्या मेन विषयाशी जोडलेले असावेत. आपल्याकडे डिग्रीत साधारण २ क्रेडिटचा जनरल पेपर दिसतो, त्याला जोडून मेजर विषयातलं काहीतरी.

आता माझं मत. काही ठिकाणी हा पेपर छान शिकवतात, काही ठिकाणी ज्याचं वर्कलोड कमी पडतंय त्याच्याकडे ढकलतात आणि मग तो बिचारा व्हॉट्सॅपवर आलेलं वर्गात सांगतो. केरळच्या माधव या जुन्या गणितज्ञाचं गणित किंवा पाणिनीच्या व्याकरणाची रचना शिकवायला तयारी लागते, आपल्याकडे पूर्वी सगळंच होतं असं म्हणायला काही लागत नाही.

मला धर्माशी संबंधित पेपर घ्यायचा नाहीये. सक्ती करू शकतात?

कलम २८ चाच तिसरा भाग: सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेत कोणालाही स्वतःच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही, मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. म्हणजे कोणी प्रार्थनेला उभं राहा, आरतीला या, नाहीतर इंटर्नलचे मार्क कापतो असं म्हणत असेल तर सरळ लेखी तक्रार करा.

पण बौद्ध तत्त्वज्ञानाचं एक युनिट माझ्या मेजरमध्ये आहे आणि मला ते नकोय, हे चालत नाही. ते युनिट अभ्यासाचं आहे, ते न मानता लिहिता येतं. ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे आपल्या निवडीचा पेपर, असेल तर दुसरा घ्या, त्यात भांडण्यासारखं काही नाही. फक्त कॉलेजने निवडीच्या यादीत (बास्केटमध्ये) एकच पर्याय ठेवलाय का ते तपासा, नावाला इलेक्टिव्ह आणि प्रत्यक्षात कंपल्सरी हा प्रकार होतो.

पुण्यात हे विषय डिग्री पातळीवर कुठे शिकता येतात?

बरीच ठिकाणं आहेत आणि सगळ्यांचा प्रकार वेगळा आहे. सावित्रीबाई फुले विद्यापीठात गणेशखिंडीला पाली आणि बौद्ध अध्ययन विभाग आहे, संस्कृत-प्राकृतचा विभाग आहे, संस्कृत प्रगत अध्ययन केंद्र आहे जे १९६४ पासूनचं, तत्त्वज्ञान विभागही आहे. डेक्कन कॉलेज आता अभिमत विद्यापीठ, येरवड्याला, तिथे पुरातत्त्व, भाषाशास्त्र आणि संस्कृत कोशाचं काम. टिळक महाराष्ट्र विद्यापीठ १९२१ चं, १९८७ पासून अभिमत, तिथे इंडॉलॉजी आणि संस्कृत, नोकरी करणारे बरेच लोक तिथे जातात.

लॉ कॉलेज रोडची भांडारकर संस्था १९१७ ची, जिथे महाभारताची चिकित्सक आवृत्ती झाली आणि जिने पां. वा. काण्यांचा धर्मशास्त्राचा इतिहास छापला, ती संशोधन संस्था आहे. तिचे भारतविद्या नावाचे ऑनलाइन कोर्स चांगले आहेत, पण चांगला कोर्स आणि तुमच्या डिग्रीत धरला जाणारा कोर्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या कॉलेजला आधी विचारायचं, नंतर फी.

पालीचं म्हणाल तर धर्मानंद कोसंबी शंभर वर्षांपूर्वी फर्ग्युसनला पाली शिकवत होते, त्यामुळे पुण्यात पाली कोण घेतं असं कोणी म्हटलं की मला हसू येतं. आज पालीच्या वर्गात आंबेडकरी घरातली मुलं, निवृत्त बँकवाले, विपश्यना केलेले लोक असे एकत्र बसलेले दिसतात, आणि तेच वर्ग सगळ्यात जास्त वाद घालतात.

आळंदीला चार वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केलाय. बीएमध्ये क्रेडिट धरतील का?

आपोआप नाही. जोग महाराजांनी १९१७ मध्ये काढलेली वारकरी शिक्षण संस्था मोठीच आहे, तिथून निघालेल्या मुलाला ज्ञानेश्वरी, गाथा, गीता ज्या ताकदीने पाठ असते तेवढी एमए मराठीवाल्यालाही नसते, हे मी स्वतः पाहिलंय. पण ती वारकरी परंपरेची संस्था आहे, विद्यापीठाच्या क्रेडिट व्यवस्थेतली नाही, त्यामुळे तिथले तास तुमच्या खात्यावर चढणार नाहीत. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात आधीच्या शिक्षणाला मान्यता देण्याची कल्पना आहे, पण ती तुमचं विद्यापीठ राबवत असेल आणि मूल्यमापन करून देत असेल तरच उपयोगाची.

मी अशा मुलांना एकच सांगते, मराठी किंवा संस्कृत मेजर घ्या, संतसाहित्याचा पेपर, फील्ड प्रोजेक्ट, को-करिक्युलरमध्ये जिथे जमेल तिथे आपलं शिकलेलं वापरा. आणि एक धोका: उत्तरपत्रिकेत कीर्तन करू नका. 'माउली म्हणतात म्हणून' हे परीक्षकाला पुरत नाही, ओवीचा संदर्भ, पाठभेद, कोणी कसा अर्थ लावला हे लिहावं लागतं. सुरुवातीला मुलांना याचा राग येतो.

ख्रिस्ती सेमिनरीची डिग्री चालते का?

सेमिनरी म्हणजे पाद्री घडवणारी संस्था. कुठली, ते बघा. बिबवेवाडीची युनियन बिब्लिकल सेमिनरी बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या सिनेटशी संलग्न आहे, आणि सेरामपूरची गोष्ट मजेशीर आहे: १८१८ चं कॉलेज, १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाची सनद मिळाली डिग्र्या द्यायला, मग १९१८ मध्ये बंगालच्या विधिमंडळाने त्यासाठी कायदा केला. म्हणजे डिग्री देण्याचा अधिकार कायद्यातून आलाय. (कॉलेज काढणाऱ्यांतले विल्यम केरी म्हणजे तेच, ज्यांनी १८०५ मध्ये मराठी व्याकरण छापलं.) रामवाडीचं ज्ञानदीप विद्यापीठ, जे १९५५ मध्ये कँडीहून पुण्यात आलं, ते पोपच्या अधिकारातलं, तिथल्या चर्चच्या पदव्यांना कॅथलिक जगात पूर्ण वजन आहे. पण त्यावर इथे पीएचडी किंवा सरकारी नोकरी करायची असेल तर समकक्षतेचं पत्र, म्हणजे ही पदवी इथल्या पदवीच्या बरोबरीची आहे असं लेखी, आधी हातात घ्या. 'सर म्हणाले चालतं' हे पत्र नव्हे.

मदरशाच्या कामिल-फाजिलचं काय झालं?

५ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने उत्तर प्रदेशच्या २००४ च्या मदरसा कायद्याबद्दल निकाल दिला. कायदा वैध ठरला, पण कामिल आणि फाजिल या डिग्री पातळीच्या परीक्षांचा भाग टिकला नाही. कारण काय, तर डिग्री कोण देऊ शकतं हे १९५६ च्या यूजीसी कायद्याचं कलम २२ ठरवतं, विद्यापीठ किंवा अभिमत विद्यापीठ, राज्याचं बोर्ड नाही. हा निकाल केस उत्तर प्रदेशची असली तरी सगळ्यांनी वाचण्यासारखा आहे. तोच नियम आश्रमाच्या 'डिग्री'ला लागतो, सेमिनरीला लागतो, गुरुकुलाला लागतो.

ज्योतिषाला क्रेडिट?

यूजीसीने २००१ मध्ये ज्योतिर्विज्ञानाचे कोर्स आणायचं ठरवलं, शास्त्रज्ञ कोर्टात गेले, २००४ मध्ये सुप्रीम कोर्टाने हस्तक्षेप करायला नकार दिला. इग्नूने २०२१ मध्ये ज्योतिषात एमए सुरू केलं. म्हणजे हो, मिळतं. मला विचाराल तर ज्योतिषाचा इतिहास म्हणून पेपर असेल तर मी पहिल्या बाकावर बसेन, भाकीत म्हणून असेल तर परीक्षक उत्तर कशावरून तपासणार हा माझा प्रश्न आहे आणि तो मी मीटिंगमध्येही विचारलाय.

अध्यासन म्हणजे काय? देणगी देणारा सिलॅबस ठरवतो का?

अध्यासन म्हणजे एखाद्या व्यक्तीच्या किंवा विषयाच्या नावाने केलेली संशोधन-अध्यापनाची सोय, आपल्या विद्यापीठात संत ज्ञानेश्वर, संत तुकाराम, संत नामदेव यांच्या नावाची अध्यासनं आहेत. निधी कधी सरकारचा, कधी देणगीदाराचा. देणगी घ्यायची का, कोणत्या अटीवर, हे विद्यापीठाच्या मंडळांनी ठरवायचं असतं. देणगीदार नाव सुचवू शकतो, विषय सुचवू शकतो, पण परीक्षक, प्रश्नपत्रिका, शिक्षक निवड यात त्याचा हात आला की तो कोर्स अभ्यासाचा राहत नाही, मग देणारा कोणत्याही धर्माचा असो. व्याख्यानमालेला आणि शिबिराला क्रेडिट नसतं, प्रमाणपत्रावर विद्यापीठाचं बोधचिन्ह असलं तरी.

शिकवणारा त्याच धर्माचा असावा लागतो का?

नाही. २०१९ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात संस्कृत विद्या धर्म विज्ञान संकायात एका मुस्लिम प्राध्यापकांच्या नेमणुकीवरून मुलं धरणं धरून बसली, नेमणूक नियमाप्रमाणेच झालीये असं विद्यापीठ म्हणत राहिलं, शेवटी ते स्वतः तिथून बाहेर पडून कला शाखेच्या संस्कृत विभागात गेले. मला ती बातमी फार लागली होती. चर्चने पाद्री घडवण्यासाठी चालवलेली सेमिनरी आपला शिक्षक आपल्यातलाच मागू शकते, सार्वजनिक विद्यापीठात नेट (प्राध्यापक व्हायची पात्रता परीक्षा), पीएचडी, मुलाखत, बस.

नेटला असे विषय असतात?

असतात की. धर्मांचा तौलनिक अभ्यास, बौद्ध-जैन-गांधी आणि शांती अभ्यास, पाली, प्राकृत, अरब संस्कृती आणि इस्लामिक स्टडीज, हिंदू स्टडीज. जागा कमी निघतात, हे आधीच सांगते.

स्वयमवरचा (सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचा) कोर्स किंवा दुसऱ्या विद्यापीठाचं क्रेडिट आपल्याकडे आणता येतं?

येतं, अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समधून, २०२१ पासून. खातं उघडा, नाव आधारप्रमाणे जुळलं पाहिजे, इथेच निम्मे लोक अडकतात. क्रेडिट साधारण ७ वर्षं वापरता येतात. स्वयमचे कोर्स एका सेमिस्टरमधल्या कोर्सेसच्या ४० टक्क्यांपर्यंत धरता येतात, पण तुमच्या कॉलेजने तो कोर्स आधी मान्य केलेला हवा. शिवाय २०२२ पासून दोन डिग्र्या एकाच वेळी करता येतात, वेळा एकमेकांवर येत नसतील तर दोन्ही प्रत्यक्ष, नाहीतर एक ऑनलाइन किंवा दूरस्थ, त्यामुळे इथे बीकॉम आणि तिकडे दूरस्थ संस्कृत बीए करणारे आता दिसतात. पीएचडीला ही सवलत नाही.

फी भरण्याआधी नेमकं काय विचारू?

हा कोर्स विद्यापरिषदेने कधी पास केला. किती क्रेडिट. मार्कशीट कोण देणार, क्रेडिट बँकेत जमा होणार का. या चार गोष्टी लेखी मागा, ईमेल चालेल. समोरचा 'अहो आमची एवढी जुनी संस्था' असं सुरू करून विषय बदलायला लागला की उठा.

सिलॅबसमध्ये आमच्या पंथाबद्दल चुकीचं छापलंय. कुठे सांगायचं?

मोर्चा नको, निदान आधी नको. अभ्यासमंडळाच्या अध्यक्षांना पत्र लिहा, प्रत अधिष्ठात्यांना, म्हणजे डीनना. मीटिंगचं इतिवृत्त हवं असेल तर विद्यापीठाच्या साइटवर शोधा, नाही सापडलं तर माहिती अधिकारात दहा रुपये भरून मागा. पदवीधर असाल तर सिनेटच्या मतदार यादीत नाव नोंदवा, नोंदणीकृत पदवीधरांतून १० जण निवडून जातात आणि नोंदणी फार कमी लोक करतात. पत्रात नुसतं 'भावना दुखावल्या' लिहिलं तर ते फाइलला लागतं. युनिट नंबर, पुस्तकाचं नाव, पान, त्यात काय चुकलंय आणि त्याऐवजी कोणतं वाचायला द्यावं, एवढं लिहिलं की अजेंड्यावर येतं. मराठीतच लिहा, इंग्रजीची काही गरज नाही.